दिवाळीनंतरची हजेरी: पहिल्या वर्षाची मुलं कॉलेज का सोडतात आणि कशानं टिकतात

ऑगस्टमध्ये आमच्या एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, वर्गात बाक पुरत नाहीत. मागच्या भिंतीला टेकून मुलं उभी असतात, शिपाईमामा शेजारच्या वर्गातून खुर्च्या ओढत आणतात. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग पुन्हा भरतो तेव्हा तिसऱ्या रांगेपासून मागे सगळं मोकळं असतं. वर्षानुवर्षं हे पाहून मलाही ते ऋतुचक्रासारखं वाटायला लागलं होतं. पाऊस सरला, मुलं ओसरली.

स्टाफरूममध्ये आम्ही याला ‘गळती’ म्हणतो. शब्द मोठा बोलका आहे. छत गळलं की आपण पत्रा बदलतो, नळ गळला की प्लंबरला फोन करतो. तू का गळलंस, असं पाण्याला कुणी विचारत नाही. मुलं गळाली की मात्र चौकशी पाण्याचीच होते. अभ्यासात कच्चा होता. घरची परिस्थिती नव्हती. मोबाइलच्या नादी लागला.

गेल्या दोन-तीन वर्षांत हा विषय पुन्हा चर्चेत आलाय. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं लोकसभेत माहिती दिली, की केंद्रीय विद्यापीठं, आयआयटी आणि आयआयएम इथून पाच वर्षांत अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसी प्रवर्गांतले १३,६०० हून अधिक विद्यार्थी बाहेर पडले. (यातले बरेच जण दुसऱ्या संस्थेत किंवा दुसऱ्या अभ्यासक्रमाला गेले असतील, असंही सरकारचं म्हणणं होतं. ते लक्षात ठेवू, पुढे लागेल.) मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उच्च शिक्षणातल्या विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य आणि आत्महत्या या प्रश्नावर निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमलं. आणि इकडे महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला. त्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडायची सोय आहे. तेव्हापासून प्रवेशाच्या खिडकीवर पालक विचारतात, “मॅडम, आता मधेच सोडलं तरी चालतं ना?”

प्रश्न साधा आहे, पण उत्तराला थोडं लांबून यावं लागेल.

सोडणं एका दिवसात होत नाही

कोकणात भाताची लावणी पाहिली असेल त्यांना हे लगेच कळेल. रोप आधी एका वाफ्यात दाट वाढतं. मग ते उपटून, मुठी बांधून मोठ्या खाचरात लावतात. उपटताना मुळं तुटतात. नंतरचे आठ-दहा दिवस रोप पिवळं पडतं, मान टाकतं. शेतकरी तेव्हा बियाण्याला शिव्या देत नाही, खाचरातलं पाणी सांभाळतो. रोपानं जीव धरला की मग पुढची काळजी.

कॉलेजचं पहिलं सत्र म्हणजे हे पिवळे दिवस. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकन अभ्यासकानं १९७५ साली याबद्दल एक मांडणी केली आणि आजही जगभर या विषयाची चर्चा तिच्यापासूनच सुरू होते. विद्यार्थी संस्थेशी दोन दोरांनी बांधला जातो, असं तिचं सार सांगता येईल. एक दोर अभ्यासाचा: वर्गात चाललेलं कळतंय, परीक्षा झेपतेय, शिकवणाऱ्यांशी दोन शब्द बोलता येतायत. दुसरा माणसांचा: डबा कुणाबरोबर खायचा हे ठरलेलं आहे, आजारी पडलं तर कुणीतरी विचारेल याची खात्री आहे. दोन्ही दोर सैल पडले की मूल हळूहळू सुटत जातं. हळूहळू हा शब्द इथे महत्त्वाचा.

समजा, एक मुलगी आहे. तालुक्यापासून तीस किलोमीटरवरच्या गावातली, बारावीला चांगले मार्क, बीएस्सीला प्रवेश. आठवड्यात दोनदा सकाळी आठला प्रॅक्टिकल. गावातून निघणारी पहिली एसटी सव्वाआठला पोचते. पहिल्या वेळी सरांनी उशिराबद्दल सगळ्यांसमोर टोकलं. तिसऱ्या वेळी तिनं दारातूनच मागे फिरणं पसंत केलं. प्रॅक्टिकल बुडलं म्हणून जर्नल अपुरं, जर्नल अपुरं म्हणून सबमिशन अडलं. वर्गात इंग्रजीतून चाललेलं अर्धं कळत नव्हतंच, पण विचारायचं कुणाला? अंतर्गत परीक्षेत वीसपैकी सहा. दिवाळीला घरी गेली तेव्हा आत्या म्हणाली, “एवढी दगदग कशाला? इथंच एखादा कोर्स कर.” सुट्टी संपली, ती आली नाही.

आता सांगा, तिनं कॉलेज कधी सोडलं? कागदोपत्री नोव्हेंबरात. खरं तर त्या दिवशी, ज्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या दारातून परत फिरली. त्या दिवशी ‘उद्यापासून पंधरा मिनिटं उशिरा आलीस तरी चालेल, पण ये’ एवढं कुणी म्हणालं असतं, तर पुढची साखळी कदाचित तिथेच तुटली असती. नोव्हेंबरात मात्र तिला परत आणायला अख्ख्या कॉलेजचे प्रयत्न अपुरे पडतात. हजेरी खाली यायला लागते ते पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत, आणि आमचं लक्ष जातं ते परीक्षेचे फॉर्म भरताना.

कुणी न सांगितलेले नियम

नवी सून घरात येते तेव्हा घरातल्या माणसांची ओळख लगेच होते, पण सासूबाईंना चहात साखर किती, कुठला डबा कुणी उघडायचा नाही, सासरे जेवताना कोणता विषय काढायचा नाही, हे कुणीही सांगत नाही. तिनं ते ओळखायचं असतं. ओळखलं नाही तर “काही शिकवलंच नाही हिला” हे ठरलेलं.

कॉलेजातही असा एक न छापलेला अभ्यासक्रम असतो. सरांना केबिनमध्ये जाऊन शंका विचारता येते का? बोनाफाइड कुठे मिळतं? ग्रंथालयात पुस्तक कपाटातून आपण काढायचं की चिठ्ठी द्यायची? ईमेलच्या सुरुवातीला काय लिहायचं? ज्याचे आईवडील किंवा मोठी बहीण पदवीधर आहे त्याला हे घरातच कळलेलं असतं. घरात पदवीपर्यंत पोचणारं पहिलंच मूल असेल तर ते दोन महिने हे नियम शोधण्यात घालवतं आणि न सापडल्यास त्याचा अर्थ ‘आपण इथले नाही’ असा लावतं.

आपल्याकडे यात आणखी एक भर पडली आहे, तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. अकरावी-बारावीला कितीतरी मुलं ज्युनियर कॉलेजात नावापुरती असतात, खरा अभ्यास क्लासमध्ये. तिथे नोट्स छापील मिळतात, रोजची चाचणी क्लासवाले घेतात, गैरहजर राहिलं की घरी मेसेज जातो. दोन वर्षं दुसऱ्यानं आखून दिलेल्या दिवसात जगलेलं मूल अचानक अशा जागी येतं, जिथे कुणीच काही आखत नाही. त्यातून अभियांत्रिकीसारख्या शाखांत प्रवेशाच्या कॅप फेऱ्या, म्हणजे राज्यभरच्या एकत्रित प्रवेशाच्या फेऱ्या, लांबल्या, की शेवटच्या फेरीतलं मूल येतं तेव्हा स्वागताचे कार्यक्रम उरकलेले आणि पहिलं युनिट शिकवून झालेलं.

आणि नवी परिभाषा! मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. ही आद्याक्षरं प्राध्यापकांच्याही तोंडात अजून नीट बसलेली नाहीत. त्यातला एकच शब्द समजून घेतला तरी पुष्कळ आहे, तो म्हणजे क्रेडिट. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं वजन. सत्रभरात साधारण १५ तासांचं शिकवणं म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकल असेल तर ३० तास. वर्षाला ४० ते ४४ क्रेडिट जमवायची. ती तुमच्या नावावर ऑनलाइन खात्यात जमा होतात, त्याला अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणतात. बाकीची आद्याक्षरं म्हणजे ताटातल्या वाट्या: मेजर म्हणजे भाकरी, म्हणजे तुमचा मुख्य विषय, आणि उरलेलं तोंडी लावणं. ही उपमा आमच्या विद्यापीठाला आवडणार नाही, पण मुलांना ती लगेच कळते.

हुशारी असूनही

“कच्ची मुलंच सोडतात” हे ठाम मत असणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात युरी ट्राइसमन हा तरुण गणितज्ञ पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस शिकवण्याच्या कामात होता. त्याला दिसलं की, शाळेत उत्तम मार्क मिळवून आलेली कृष्णवर्णीय मुलंही इथे मोठ्या संख्येनं अडखळतात. सहकाऱ्यांकडे उत्तरं तयार होती: जिद्द नाही, पाया कच्चा, घरून पाठिंबा नाही, पैसा नाही. (ओळखीचं वाटतंय ना?) ट्राइसमननं ही उत्तरं मान्य न करता मुलांच्या मागे मागे राहून त्यांचा दिवस पाहिला. अभ्यास कुठे करतात, किती करतात, कुणाबरोबर करतात.

मिळालेलं उत्तर अगदीच साधं होतं. त्याच विषयात चांगले मार्क मिळवणारी चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी बसत आणि मग एकत्र येऊन गणितं सोडवत, एकमेकांच्या चुका काढत, जेवतानाही तेच बोलत. कृष्णवर्णीय मुलं तितकीच मेहनत करत, पण एकटी. आपण चुकतोय का, हे त्यांना परीक्षेच्या निकालातूनच कळायचं. ट्राइसमननं गट बांधले. गंमत म्हणजे त्यानं त्यांना ‘कच्च्या मुलांचे जादा तास’ म्हटलं नाही. उलट नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली आणि एकत्र बसून सोडवायला लावली. त्या मुलांचे निकाल ठळकपणे सुधारले.

आपल्याकडच्या ‘रेमेडियल’ तासांचं दुखणं यातून कळतं. ‘कच्च्या मुलांनी तीन वाजता थांबा’ अशी सूचना फळ्यावर लागली, की थांबणाऱ्याच्या कपाळावर शिक्का बसतो. जी मुलं खरोखर घाबरलेली असतात, ती त्या दिवशी पहिल्या एसटीनं घरी जातात.

दिंडी क्रमांक

आषाढी वारीत लाखो माणसं चालतात. तरी नवखा वारकरी हरवत नाही, कारण तो पालखीबरोबर चालत असला तरी राहतो दिंडीत. दिंडीला क्रमांक असतो, रथाच्या पुढे की मागे हे ठरलेलं असतं, जेवायला बसताना कोण नाही ते लगेच कळतं. लाखांच्या गर्दीत त्याच्यासाठी मोजदाद शे-दोनशे माणसांचीच.

मोठ्या कॉलेजात नेमकी ही दिंडी नसते. पाच हजार मुलांचं कॉलेज, दीडशेचा वर्ग, आणि आपण गैरहजर आहोत हे ओळखणारं कुणी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ साली ‘दीक्षारंभ’ नावानं नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागत कार्यक्रमाची मार्गदर्शिका काढली. अभियांत्रिकीत त्याआधीपासून तीन आठवड्यांच्या इंडक्शनची कल्पना आहे. इंडक्शन म्हणजे मुलांना कॉलेजात रुळवण्याचे सुरुवातीचे दिवस. कागदावर त्यात लहान गट, एक मेंटॉर शिक्षक आणि सीनियर मुलांची सोबत हे सगळं आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी सभागृहात दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, प्राचार्यांचं मनोगत आणि समोसा. तीन आठवड्यांचं तीन तासांत होतं. फोटो मात्र भरपूर निघतात, कॉलेजाला दर्जा देणाऱ्या नॅकच्या फाइलला लागतात ना.

मेंटॉरचंही तसंच. मेंटॉर म्हणजे ठरावीक मुलांची विचारपूस करणारा शिक्षक. वहीत नावं असतात, सह्या असतात. पण ‘काही अडचण आहे का?’ असं विचारलं की मूल ‘नाही’च म्हणतं. ‘काल मेसमध्ये काय होतं?’ असं विचारलं तर हातात काहीतरी येतं. ‘मेस बंद केलीय मॅडम’ हे मला असंच एकदा कळलं.

मग नुसत्या चांगल्या बोलण्यानं फरक पडतो का? यावर अमेरिकेत एक फार सुंदर प्रयोग झाला. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी नव्या मुलांना सीनियर मुलांचे अनुभव वाचायला दिले: ‘मलाही सुरुवातीला वाटायचं, आपली चुकून निवड झालीय, हळूहळू ते गेलं.’ मग मुलांना स्वतःच्या शब्दांत तसंच लिहायला सांगितलं. तासाभराचं काम. २०११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांतली दरी निम्मी झाली होती.

म्हणजे फुकटातलं औषध सापडलं? थांबा. २०२३ मध्ये हाच प्रयोग २२ संस्थांमध्ये, जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर झाला. त्यात दिसलं की, जिथे मुलांना खरोखर आपलंसं वाटायला जागा होती, तिथेच त्याचा उपयोग झाला. जिथे तशी जागाच नव्हती, तिथे शब्द हवेत विरले. रोपाला धीर द्या, हरकत नाही, पण खाचरात पाणी नसेल तर ते काय करणार?

टिंटोच्या मांडणीवरचा एक आक्षेपही इथेच सांगायला हवा, कारण तो आपल्या फार जवळचा आहे. तिच्या जुन्या रूपात असं गृहीत होतं, की नव्या जगात रुळायचं तर विद्यार्थ्यानं जुन्या जगापासून थोडं सुटायला हवं. विल्यम टिअर्नी या अभ्यासकानं १९९२ मध्ये यावर टीका केली: अल्पसंख्य समाजातल्या मुलांना आपली माणसं मागे टाकायला सांगणं म्हणजे त्यांनाच अधिक एकटं करणं. पुढे टिंटोनंही आपली मांडणी बदलत नेली. आपल्याकडे ‘आता ती गावठी भाषा सोड’ हा सल्ला किती सहज दिला जातो! बोली सोडून दिलेलं मूल वर्गात बोलतं व्हायच्या ऐवजी दोन्हीकडे गप्प होतं. गावाशी, घराशी, आपल्या भाषेशी नातं घट्ट असणं ही टिकण्याची ताकद असू शकते.

पैसा किती, आणि त्याहून महत्त्वाचं, कधी

२०२४ सालची घटना आठवत असेल. उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली होती. १७,५०० रुपये भरायचे होते. घरच्यांनी पैसे उभे केले, पण मुदत संपायच्या आत ते भरता आले नाहीत. जागा गेली. शेवटी ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं राज्यघटनेच्या कलम १४२ खालचा विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. पैसे जमले होते, चुकली ती वेळ. देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारं असं एखादंच प्रकरण. तालुक्याच्या कॉलेजात हेच चारशे रुपयांच्या परीक्षा फीसाठी होतं आणि कुणाच्या कानावरही जात नाही.

महाराष्ट्रात योजना कमी नाहीत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयं, इतर मागासवर्गीयांसाठी आधार, शिवाय पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ. एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश पैशांत मिळतो. पण राज्याच्या शिष्यवृत्त्यांसाठीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज, त्याला उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातपडताळणी, बँक खात्याला आधार जोडलेलं. एक कागद चुकला की अर्ज परत. आणि सगळं बरोबर असलं तरी पैसे येईपर्यंत वर्ष निम्मं सरतं. मेसवाले काका मात्र पाच तारखेलाच येतात, आणि त्यांचंही बरोबरच आहे.

अॅटलांटातल्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं इथे एक वेगळी वाट काढली. त्यांना दिसलं की, काही मुलांची नावं दरवर्षी केवळ थोडी फी थकली म्हणून कमी होतात. २०११ पासून त्यांनी अशा मुलांच्या खात्यात परस्पर लहान रकमा भरायला सुरुवात केली, सरासरी ९०० डॉलरच्या आसपास. मुलानं अर्ज करायची वाट पाहिली नाही. कुणाची किती थकबाकी आहे हे विद्यापीठाला आधीच माहीत होतं, मग अर्ज कशाला? या ‘कशाला’पाशी मी बराच वेळ अडले होते. आपल्याही कार्यालयात ती यादी असते, फक्त ती वापरतात हॉल तिकीट अडवण्यासाठी.

हे आपल्याला नवीन आहे असंही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात पहिलं वसतिगृह सुरू केलं आणि पुढे जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली, तेव्हा त्यांनी हेच ओळखलं होतं: शाळा असून भागत नाही, मुलाला शहरात पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं अन्न लागतं. कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ आजही आपल्या विद्यापीठांत चालते. पुण्यात खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती काम करतेय. ‘रिटेन्शन’, म्हणजे मुलं टिकवणं, हा शब्द आपण आत्ता शिकलो, काम शंभर वर्षांपासून चालू आहे.

“आमच्या वेळी नव्हते हे लाड”

हा आक्षेप दर वर्षी येतो, बहुतेक वेळा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात. आम्ही कंदिलाखाली शिकलो, आम्हाला कुणी विचारलं नाही, तरी आम्ही झालोच की उभे.

झालात, आणि त्याबद्दल आदरच आहे. पण मेळाव्याला येतात ते टिकलेले. तुमच्याच वर्गातले जे पहिल्या वर्षी गेले, ते कुठे आहेत हे तुम्हाला माहीत आहे का? त्यांना निमंत्रण गेलं होतं का? शिवाय त्या काळी कॉलेजात पोचणारी मुलं थोडी होती आणि बहुतेकांच्या घरात आधीचं कुणीतरी शिकलेलं होतं. ज्यांच्या घरात नव्हतं, त्यांना कुठलं ना कुठलं बोर्डिंग, एखादे मामा, एखादे गुरुजी सापडले होते. विचारून पाहा, ते नाव सांगतातच. त्यालाच मी दिंडी म्हणतेय.

“सगळ्यांनी पदवी घ्यायलाच हवी का?”

हा आक्षेप मात्र वजनदार आहे. नाही, घ्यायला नको. एखादीला दोन महिन्यांत कळलं की आपल्याला नर्सिंग करायचंय आणि ती गेली, तर मी पेढे मागेन. सुरुवातीला दिलेला लोकसभेतला आकडा म्हणूनच जपून वाचायचा. त्यात असे जाणारेही असणार.

फरक ओळखायला मी एकच प्रश्न विचारते: कुठे चाललीस? जिच्याकडे उत्तर आहे, तिनं निर्णय घेतलाय. जी ‘बघू’ म्हणते, ती घसरत चाललीय.

आता त्या खिडकीवरच्या प्रश्नाचं उत्तर. नव्या रचनेत पहिलं वर्ष पूर्ण करून, म्हणजे किमान ४० क्रेडिट मिळवून आणि शिवाय चार क्रेडिटचा एक कौशल्याधारित कोर्स करून बाहेर पडलं तर सर्टिफिकेट मिळतं, तशाच रीतीनं दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्याप्रमाणे सर्टिफिकेट किंवा डिप्लोमा घेऊन गेलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. ही सोय चांगली आहे. वडील आजारी पडले, लग्न झालं, नोकरी लागली, तर आधीचं वाया जात नाही.

पण नीट वाचा: वर्ष पूर्ण करून. दिवाळीला गेलेल्या मुलीला यातलं काहीही मिळत नाही. तिच्या हातात सर्टिफिकेट नसतं, असते ती फक्त फीची पावती. म्हणून ‘मधेच सोडलं तरी चालतं ना?’ याचं उत्तर असं: वर्षाच्या काठावर सोडलं तर चालेल, मधे सोडलं तर नाही. आणि दारावर ‘परत येता येईल’ लिहिलं म्हणजे लोक परत येतात असं नाही. त्यासाठीही कुणीतरी बोलवावं लागतं.

जाता जाता एटीकेटीबद्दल. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्षात बसायची परवानगी म्हणजे एटीकेटी. पहिली केटी लागली की कितीतरी मुलं समजतात, सगळं संपलं. संपलेलं नसतं. राहिलेला विषय पुन्हा देता येतो. हे निकालाच्या दिवशी, वर्गात, मोठ्यानं सांगायला हवं. सूचनाफलकावर लावून उपयोग नाही, नापास झालेलं मूल सूचनाफलकापाशी थांबत नाही.

“आम्ही तरी काय काय करायचं?”

हा आक्षेप माझ्या सहकाऱ्यांचा, म्हणजे माझाही. जागा रिक्त, अर्धे लोक तासिका तत्त्वावर, त्यांना पुढच्या वर्षी आपण इथे असू का याचीच खात्री नाही. त्यांनी मेंटॉर कसं व्हायचं? हे खरं आहे, आणि भरती झाल्याशिवाय याला उत्तर नाही. गोड बोलून ते झाकू नये.

तरी खर्चाची बाजू पाहू. न्यूयॉर्कच्या सरकारी सिटी विद्यापीठानं २००७ मध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. दोन वर्षांच्या पदवीला आलेल्या, बहुतांशी गरीब घरांतल्या मुलांना कमी मुलं सांभाळणारा एक सल्लागार, फीतली तूट भरून देणं, पुस्तकं, आणि मेट्रोचा पास. पास मिळायचा तो सल्लागाराला नियमित भेटलं तरच! कार्यक्रम मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करून तुलना केली. तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या व्यवस्थेत २२ टक्के होतं, कार्यक्रमात ४० टक्के. दर मुलामागचा खर्च वाढला, पण दर पदवीधरामागचा खर्च कमी झाला. गळका पाइप दुरुस्त करायला पैसे लागतात, पण रोज टँकर मागवण्यापेक्षा कमी.

तेवढे पैसे येईपर्यंत काय करता येतं? पहिली चाचणी तिसऱ्या आठवड्यात, कमी गुणांची, भीती घालवण्यापुरती. प्रॅक्टिकलच्या बॅचेस पाडण्याआधी एसटीचं वेळापत्रक पाहणं. एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, दोन-दोन मुलांकडे एफवायची दहा-दहा मुलं, शक्यतो त्याच तालुक्यातली. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे क्रमांक ओळखपत्राच्या मागेच छापणं. आणि सलग तीन दिवस न आलेल्याला फोन.

घरच्यांसाठी थोडंसं

“अभ्यास चालू आहे ना?” या प्रश्नाला उत्तर नेहमी “हो” असतं. त्याऐवजी मित्रांची नावं विचारा. सप्टेंबर संपत आला आणि मुलाला वर्गातली तीन नावं सांगता आली नाहीत, तर कॉलेजात एक चक्कर मारा. दर शनिवार-रविवारी घरी येत असेल तर आनंद मानण्याआधी थोडं विचारात पडा. आणि पहिल्या निकालाच्या दिवशी शेजारच्या मुलाचे मार्क काढू नका.

गेल्या वर्षी आम्ही सुट्टीवर जाण्याआधीच एफवायच्या मुलांचे फोन नंबर पुन्हा तपासून घेतले, कारण प्रवेशाच्या वेळी दिलेले कितीतरी बंद असतात. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून आम्ही चौघी यादी घेऊन बसलो. बहुतेकांना आधी वाटलं, फीचा फोन आहे. एका मुलीच्या वडिलांनी तर सरळ सांगितलं, “मॅडम, पैसे पुढच्या महिन्यात.” मी म्हटलं, पैशांसाठी नाही, सोमवारी प्रॅक्टिकल आहे, ती येतेय ना एवढंच विचारायचंय. पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मागे वळून त्यांनी हाक मारलेली ऐकू आली: “अगं, तुझ्या कॉलेजातून विचारतायत.”

सोमवारी ती आली. सव्वाआठच्या एसटीनं.